हातचा एक

शेवटचा अंक उचलून सर्वांच्या पुढे ठेवावयाचा, बाकीच्या अंकांना हात लावावयाचा नाही, आणि तेवढ्यानेच संख्या नेमकी दुप्पट झाली पाहिजे. अशी पूर्ण संख्या आहे काय? असल्यास ती केवढी, आणि तिचा हा गुण कोठवर टिकतो? या प्रश्नाचे उत्तर वाचकांपुढे ठेवावे, एवढ्याच हेतूने मी लिहावयास बसलो. आयुष्य फळ्यापुढे गेलेला माणूस मी. प्रश्न, रीत, उत्तर आणि ताळा या क्रमाने दोन पानांत काम उरकेल असा माझा अंदाज होता. पण रीत लिहू लागलो की ती ज्यांच्याकडून शिकलो त्यांचा हात डोळ्यांपुढे येतो, आणि तो हात उजवीकडून डावीकडे चालत असतो. त्यांना वगळून हे गणित मला मांडता येत नाही. म्हणून आधी ते, मग गणित.

खांडबाऱ्याच्या स्टेशनावर उतरून बैलगाडीच्या वाटेने आत जंगलाकडे जावे, तेथे आमची दोन शिक्षकांची शाळा होती. दुसरे महायुद्ध अजून सुरू व्हावयाचे होते. मी रनाळ्याच्या शेतकरी घरातला, नुकताच फायनल पास होऊन आलेला दुय्यम शिक्षक, ते मुख्य. नंदुरबारच्या एका जुन्या मुसलमान रंगारी घराण्यातले ते. आधी मक्तबात उर्दू शिकले, मग मराठी शाळेत गेले. उंच, किरकोळ बांध्याचे, चालताना किंचित मागे झुकलेले. गाव त्यांना मास्तरसाहेब म्हणे, म्हणून मीही तेच म्हणू लागलो. ते मला भाऊ म्हणत. वर्गात ते पुस्तकातली मराठी बोलत, परंतु मन गुंतले की बोलणे नकळत अहिराणीत उतरे, आणि त्यावरूनच ते खरोखर काही सांगत आहेत हे मुलांना कळे.

त्यांच्या पुष्कळ गोष्टी उलट्या बाजूने सुरू होत. कोटाची बटणे ते खालून वर लावीत. वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचीत. मराठी पुस्तकही आधी मागून उघडीत. मी एकदा कारण विचारले, तर म्हणाले की गाव किती लांब आहे हे एकदा पाहून ठेवले म्हणजे वाटेत घाई होत नाही. हजेरी ते शेवटच्या नावापासून घेत. ईदेच्या दुसऱ्या दिवशी घरून डब्यात शीरखुर्मा आणीत आणि वाढण्याची सुरुवात दाराशी बसलेल्या मुलापासून करीत.

त्या काळी शाळेत मुले नंबराने बसत, हे आजच्या वाचकाला सांगितले पाहिजे. ज्याचे उत्तर बरोबर तो वर चढे, ज्याचे चुके तो खाली उतरे. आणि जो एकदा दाराशी, चपलांच्या जवळ गेला तो बहुधा तेथेच वर्ष काढी. मास्तरसाहेबांच्या वर्गात ही रीत नव्हती. रोज सकाळी ओळीच्या शेवटी जो असेल त्याने उठून पहिल्या जागी बसावयाचे आणि बाकीच्यांनी एकेक जागा सरकावयाचे, एवढाच नियम. पाटलांनी एकदा शाळेत येऊन विचारले की माझा मुलगा हुशार असून आज दाराशी कसा? मास्तरसाहेबांनी त्यांना शांतपणे समजावले की तो दाराशी नाही, उद्याच्या पहिल्या जागेच्या अगदी जवळ आहे. पाटील हसत गेले. मात्र दुसऱ्या दिवशी मुलगा पहिल्या जागी बसला की नाही हे पाहण्यास पुन्हा येऊन गेले.

त्यांचा दुसरा हट्ट ताळ्याचा. कोणतीही गोष्ट कोणीही सांगितली तरी ते विचारीत, "ताळा देखा का?" म्हणजे तपासून पाहिले का. गाडी आली म्हणावे, ताळा देखा का? आंबा गोड निघाला म्हणावे, ताळा देखा का? एकदा एक गुराखी धापा टाकीत शाळेत आला आणि ओढ्याकाठी वाघ पाहिल्याचे सांगू लागला. सवयीने त्यालाही हाच प्रश्न गेला. गुराखी म्हणाला, "मास्तरसाहेब, मी ताळा देखाले जातू, ते आठे सांगाले कोण येता?" तपासावयास गेलेला माणूस सांगावयास परत कोठून येणार? त्या दिवशी मास्तरसाहेब हरले आणि मुलांबरोबर तेही पोटभर हसले.

आता त्यांच्या हाताविषयी. फळ्यावर संख्या लिहिताना ते एकंच्या अंकापासून आरंभ करीत आणि डावीकडे जात. हा लहरीपणा असावा असे प्रथम मला वाटले. पण त्याचे कारण पाहावयास मिळाले ते जमनीच्या पाटीवर. जमनी ही जंगलाच्या पाड्यावरून येणारी मुलगी. घरी कोकणा आदिवासींची कोकणी बोलणारी, मराठी तिला शाळेतच भेटलेली. तिला मी त्रेचाळीस लिहावयास सांगितले की ती चौतीस लिही, आणि चौतीस सांगितले की त्रेचाळीस. मी रागावून पाहिले, समजावून पाहिले. शेवटी पाटी घेऊन मास्तरसाहेबांकडे गेलो.

त्यांनी पाटी पाहिली आणि मलाच विचारले, "भाऊ, ती कोठे चुकनी? तिनी ऐकं तसंच लिखं." मग त्यांनी मला तो शब्द फोडून ऐकवला. त्रे आणि चाळीस. आपल्या भाषेत आधी तीन ऐकू येतात, मग चाळीस. जमनीने तीन ऐकताच तीन लिहिले आणि चाळीसचा चार त्याच्या उजव्या अंगाला लिहिला. तिचा कान बरोबर होता, फक्त हात दुसरीकडे गेला होता. त्यांनी तिला सांगितले की पहिला ऐकलेला अंक लिही, आणि दुसरा त्याच्या डाव्या अंगाला बसव. त्या दिवसापासून जमनीचा एकही अंक चुकला नाही. पाड्यांवरून येणारी जी मुले अंकांना भिऊन शाळा सोडीत ती टिकू लागली. एकं, दहं, शतं, सहस्र ही घरे आपण म्हणतो तीही उजवीकडूनच म्हणतो. तेव्हा बोलणे, मोजणे आणि लिहिणे या तिन्हींची दिशा त्यांनी एक केली, एवढेच.

त्या रीतीत जपावयाची वस्तू एकच, हातचा. बेरजेत किंवा गुणाकारात एका घरात दहा झाले की एक पुढच्या घरी द्यावयाचा. तो देईपर्यंत हातात धरून ठेवावा लागतो, म्हणून तो हातचा. मास्तरसाहेब ओळींमधून फिरत आणि प्रत्येक पाटीवर वाकून म्हणत, "हातचा इसरू नको." मुलांना ते इतके पाठ झाले होते की घरी जाताना एकमेकांचा निरोपही याच शब्दांनी घेत.

हा शब्द मी त्यांच्या घरीही ऐकला. दर शनिवारी दुपारी शाळा सुटली की ते खांडबाऱ्याला जाऊन सुरतेकडून येणारी गाडी धरीत आणि नंदुरबारला आपल्या आईकडे जात. रविवारी घरच्या हौदात चार कपडे रंगवून देत. सोमवारी शाळेत आले की त्यांच्या नखांच्या कडा निळ्या दिसत. मलाही रनाळ्याला जाण्यासाठी नंदुरबारलाच उतरावे लागे, त्यामुळे आमचा प्रवास बरोबर होई. पहिल्यांदा त्यांनी मला घरी नेले तेव्हा त्यांच्या अम्मांना दिसणे फार कमी झाले होते. थोरले दोन मुलगे कामासाठी सुरतेला गेले होते, ते तिकडचेच झाले होते. माझ्यापुढे चहा ठेवून त्या अहिराणीत म्हणाल्या, "दोन जण सुरतले गयात. हाऊ मन्हा हातचा शे." हाऊ, म्हणजे हा, मास्तरसाहेब तेव्हा हौदापाशी वाकलेले होते. त्यांनी मागे पाहिले नाही. पण हात पाण्यात क्षणभर थांबला हे मी पाहिले.

लेखाच्या आरंभी घातलेला प्रश्न मला अशाच एका शनिवारी मिळाला. गाडी उशिरा होती. स्टेशनावर मुरूम नुकताच पसरला होता आणि मास्तरसाहेब छत्रीच्या टोकाने त्यात रेघा ओढीत होते. त्यांनी सहज विचारले की शेवटचा पुढे नेला असता दुप्पट होईल अशी संख्या असेल का. मी शिकलेल्या पद्धतीने निघालो. दोन अंकी संख्या घेतली, मांडणी केली, आणि असे निघाले की दहंच्या अंकाची एकोणीसपट ही एकंच्या अंकाच्या आठपटीइतकी पाहिजे. नवापर्यंतच्या अंकांत तसे घडत नाही. तीन अंकी घेतली. तेथेही वाटेत एकोणीसच आडवा आला आणि संख्या सापडली नाही. मी निर्वाळा दिला की अशी संख्या नसावी.

ते म्हणाले, "भाऊ, तू मोठा घरपासून सुरुवात करस. धाकला घरपासून कर."

मग त्यांनी मला जे समजावले ते येथे नीट लिहितो. शेवटचा अंक पुढे गेला की बाकीचे सर्व अंक एकेक घर उजवीकडे सरकतात. म्हणजे जो अंक मूळ संख्येत दहंच्या घरी होता तोच दुपटीत एकंच्या घरी येतो. तेव्हा एकंच्या अंकाची दुप्पट केली की दहंचा अंक आपोआप कळतो. दहंच्या अंकाची दुप्पट केली की शतंचा. संख्या शोधावयाची नाही, ती आपणहून डावीकडे वाढत जाते.

त्यांनी मुरमात उजव्या टोकाला २ काढला. दोन दुणे चार. ४ दहंच्या घरी. चार दुणे आठ. ८ शतंच्या घरी. आठ दुणे सोळा. ६ सहस्राच्या घरी आणि हातचा एक. सहा दुणे बारा, हातचा एक मिळून तेरा. ३, पुन्हा हातचा एक. तीन दुणे सहा, हातचा एक मिळून सात. असे म्हणत ते मागे मागे, डावीकडे सरकत चालले, आणि मी दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी अशी घरे मोजीत त्यांच्याबरोबर. अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य. शाळेत ही नावे आम्ही नुसती घोकली होती. त्या घरांत कोणी राहावयास येईल असे कधी वाटले नव्हते. शेवटच्या घरी, परार्धाच्या, एक आला. एक दुणे दोन, आणि हातचा काही नाही. ज्या दोनापासून निघालो तोच दोन समोर आला होता. तेथे थांबावयाचे.

मुरमात संख्या अशी होती: १०५२६३१५७८९४७३६८४२.

अठरा घरे, एकंपासून परार्धापर्यंत, एकही रिकामे नाही आणि एकही जास्त नाही. शेवटचा २ उचलून पुढे ठेवा: २१०५२६३१५७८९४७३६८४. ही पहिलीची नेमकी दुप्पट आहे. मी अजून ताळा पाहत होतो तोच गाडी आली. मास्तरसाहेब संख्येला वळसा घालून गाडीत चढले. बाकीची माणसे टोपल्या घेऊन तिच्यावरूनच चालत गेली. खिडकीतून मी पाहत होतो. काही अंक शेवटपर्यंत दिसत होते.

त्याच हिवाळ्यात तपासणीचे साहेब आले. त्यांनी नेमके जमनीला त्रेचाळीस लिहावयास सांगितले. तिने तीन लिहिला आणि चार त्याच्या डाव्या अंगाला बसवला. उत्तर बरोबर होते. पण साहेबांचे लक्ष हाताकडे होते. त्यांनी आणखी मुलांना उठवले. सगळे हात उलटे चालत होते.

"मास्तर, ही मराठी शाळा आहे, उर्दू नव्हे," ते म्हणाले.

मास्तरसाहेबांनी नम्रपणे विचारले की एकं, दहं, शतं आपण कोणत्या बाजूने म्हणता. साहेबांना तो प्रश्न आवडला नाही. शेरा पडला की अंकलेखनाची ही पद्धत पुढील तपासणीपर्यंत बंद व्हावी. न झाल्यास मुख्य शिक्षकांची बदली तापीपलीकडे, खापर गावाच्याही पुढे डोंगरातल्या एकशिक्षकी शाळेवर करण्यात येईल.

त्या बदलीचा अर्थ आम्हा दोघांनाही ठाऊक होता. तिकडे रेल्वे नाही. पावसाळ्यात तापीला पाणी आले की पलीकडचा माणूस पलीकडेच. म्हणजे शनिवारची गाडी संपली, आणि अम्मांच्या घरी कोणी उरले नाही.

मी त्यांना सुचवले की तपासणीच्या एका दिवसापुरते मुलांना डावीकडून लिहावयास लावू.  ते म्हणाले की मुले तसे लिहितीलही, परंतु जमनी पुन्हा चौतिसावर जाईल, आणि एकदा भ्यालेले मूल दुसऱ्यांदा परत येत नाही. त्यापेक्षा ही रीत कोठवर पोहोचते ते साहेबांना दाखवू. गणित पाहून कोण नाही म्हणेल, असा त्यांचा भाबडा विश्वास होता. माझाही होता.

पुढच्या हिवाळ्यात तपासणीच्या दिवशी बरीच मुले आईबापांबरोबर गवत कापावयास गेली होती. मास्तरसाहेबांनी हजर मुले मोजली, ती अठरा भरली, आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी मुलांना साहेबांसमोर अंगणात एका रांगेत उभे केले आणि प्रत्येकाच्या पाटीवर एकेक अंक लिहिला. साहेबांच्या डाव्या हाताला परार्धाचा पाटलांचा मुलगा, आणि अगदी उजव्या टोकाला, एकंच्या घरी, २ घेतलेली जमनी. साहेबांना त्यांनी विनंती केली की ही संख्या उतरून घ्यावी आणि तिची दुप्पट करावी.

साहेब काही वाईट मनुष्य नव्हते. खुर्ची ओढून बसले, कागद घेतला आणि दुप्पट केली. मास्तरसाहेबांनी जमनीला खूण केली. पाटी छातीशी धरून ती रांगेमागून चालत गेली आणि पाटलांच्या मुलाच्या पुढे उभी राहिली. साहेबांनी कागद पाहिला, रांग पाहिली, आणि पुन्हा कागद पाहिला. "वा," ते म्हणाले. आता शेवटी ४ घेतलेला मुलगा होता. तो पुढे गेला. साहेबांनी पुन्हा दुप्पट केली, ती जुळली. ८ ची मुलगी पुढे गेली, तीही जुळली. आता साहेब खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते आणि मुले आपापल्या पाट्या खाली डोकावून वाचीत होती. मला वाटले, शनिवारची गाडी वाचली.

चौथ्या खेपेस ६ पुढे गेला. रांगेत उभे होते ६८४२१०५२६३१५७८९४७३. साहेबांच्या कागदावर आले होते १६८४२१०५२६३१५७८९४७२.

साहेबांनी दोनदा पाहिले. "बिघडले," ते म्हणाले. "दुप्पट एकोणीस अंकी आली. तुमच्या रांगेत अठराच आहेत, आणि शेवटचा अंकही जुळत नाही."

"बिघडलं नाही, साहेब. एक जण बाहेर राहिला आहे." मास्तरसाहेब रांगेच्या डाव्या टोकापलीकडची मोकळी जागा दाखवीत होते. परार्धाच्या पलीकडे आपल्याकडे घर नाही, हे त्यांना सांगावयाचे होते. पण मन गुंतले आणि भाषा बदलली. "त्याले तठे उभा ठेवू नका. त्याले एकंना घरमा बठाडा."

म्हणजे एकोणिसावा जो एक बाहेर पडला तो उचलून शेवटच्या दोनात मिळवा. दोनाचे तीन होतात आणि संख्या रांगेशी जुळते. मी मनात करून पाहिले. जुळत होते.

साहेबांचा चेहरा मात्र उतरला होता. हाती आलेली गोष्ट निसटल्यावर उतरतो तसा. "मास्तर, हातचा पुढच्या घरी जातो. तो मागे कसा येईल? हे गणित आहे की गारुड्याचा खेळ?"

त्यावर मास्तरसाहेबांनी तो प्रश्न विचारला. "साहेब, ताळा देखा का?"

अठरा मुले एकदम हसली. त्यांच्यासाठी ते रोजचेच वाक्य होते. पण तपासणी करावयास आलेल्या माणसाला भर अंगणात, मुलांसमोर, तपासले का असे विचारले गेले होते. साहेबांनी कागदाची घडी केली आणि टांगा जोडण्यास सांगितले.

होळीच्या आधी बदलीचा हुकूम आला.

निघण्याच्या दिवशी खांडबाऱ्याच्या स्टेशनावर मी होतो, आणि पाड्यावरून चालत आलेली जमनी होती. एवढ्या लांब ती पूर्वी कधी आली नव्हती. रुळांकडे ती टक लावून पाहत होती. मास्तरसाहेबांनी छत्री, वळकटी आणि डबा गाडीत ठेवला. गाडी सुटताना त्यांनी आम्हा दोघांनाही उद्देशून नेहमीचे वाक्य म्हटले, "हातचा इसरू नको." जमनीने मान हलवली. मीही हलवली. मला तेव्हा ते गणिताविषयीच वाटले.

नवा मुख्य शिक्षक लवकर मिळाला नाही. पुढच्या शनिवारी मी एकटाच गाडीत बसलो. नंदुरबारला उतरलो, रनाळ्याकडे जाणारी बैलगाडी स्टेशनाबाहेर उभी होती, आणि गाडीवान ओळखीचा होता. त्याने हाक मारली. तेव्हा कोठे ते वाक्य मला दुसऱ्यांदा ऐकू आले. गाडीवानाला थोडे थांबावयास सांगून मी रंगाऱ्यांच्या गल्लीकडे वळलो.

हौद कोरडा होता. पावलांचा आवाज ऐकून अम्मांनी मान वर केली. "कोण शे?"

 नाव सांगितले असते तर ते त्यांना आठवले असते की नाही, कोण जाणे. मी म्हणालो, "अम्मा, हातचा."

 त्यांनी पदराने शेजारची चटई झटकली आणि म्हणाल्या, "बठ."

तेव्हापासून दर शनिवारी मी त्या घरी थोडा वेळ बसून पुढे जाऊ लागलो. मास्तरसाहेब उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत येत. पहिल्या सुट्टीत घरी आले तेव्हा मी चटईवर बसलेला होतो. त्यांनी मला पाहिले, अम्मांना पाहिले आणि ते हौदात पाणी भरू लागले. असे थोडीच वर्षे चालले. एका पावसाळ्यात त्यांना तिकडेच हिवताप झाला. तापीचे पाणी उतरल्यावर बातमी अलीकडे आली, तोवर त्यांना मातीत ठेवून बरेच दिवस झाले होते. अम्मा त्यानंतरही काही वर्षे होत्या. त्यांनी मला "कोण शे?" विचारणे कधी सोडले नाही, आणि मी उत्तर कधी बदलले नाही.

आता गणिताचे राहिलेले सांगतो, कारण साहेबांच्या आक्षेपाला उत्तर द्यावयाचे आहे. ही संख्या एकोणिसाच्या पोटची आहे. दोनाला एकोणिसाने भागत गेल्यास दशांशचिन्हापुढे हेच अठरा अंक याच क्रमाने येतात, आणि संपले की पुन्हा पहिल्यापासून. एकोणीस म्हणजे एक उणा वीस. त्या अंगणात अठरा मुले आणि आम्ही दोघे शिक्षक मिळून वीस होतो. पुढे किती उरलो हे वाचकांना वेगळे सांगावयास नको.

आणि बाहेर पडलेला एक मागे कसा येतो? तो रोज येत होता, साहेबांच्याही हातून येत होता. अंकांची बेरीज घेऊन उत्तर तपासण्याचा नवाचा ताळा आपण सारेच करतो. त्यात सोळा आले की आपण काय म्हणतो? एक आणि सहा, सात. घर एकच, त्यात न मावलेला एक आपण बाहेर टाकीत नाही, परत त्याच घरात मिळवतो. ताळ्याची सारी रीत तेवढ्यावर उभी आहे. येथे घरे अठरा आहेत, एवढाच फरक. एका नवाऐवजी अठरा नवांचा ताळा आहे. अठरा घरांत न मावलेला एक परत एकंच्या घरी येतो तो त्याच न्यायाने. मला हे कळले तेव्हा मी दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या मुलांना, नवाचा ताळा शिकवीत होतो. खडू हातात तसाच राहिला. साहेबांना विचारलेला तो प्रश्न उद्धटपणा नव्हता. ते उत्तर होते. मास्तरसाहेब साहेबांना ताळ्याकडे बोट दाखवीत होते, आणि अंगणात ते कोणालाच ऐकू आले नाही, मलाही नाही. सांगावे असे वाटले. पण ज्यांना सांगावयाचे ते मास्तरसाहेब तोवर परार्धापलीकडे गेले होते.

म्हणून, प्रश्नाचे उत्तर: अशी संख्या आहे. अठरा अंकांहून लहान नाही. अठरा अंकांत सर्वांत लहान ती वर दिली आहे. तिचा गुण तीन खेपा उघड दिसतो, आणि चौथ्या खेपेस, बाहेरच्या एकाला घरात घेतल्यास, टिकून राहतो.

वाचकांना एवढीच विनंती आहे की यातले काहीही माझ्या शब्दावर मानू नये. कागदाच्या उजव्या कडेला २ लिहावा आणि दुप्पट करीत डावीकडे जावे. हातचा विसरू नये. परार्धाच्या घरी १ आला, हातचा उरला नाही आणि पुढे पुन्हा २ येऊ लागला की थांबावे. मग शेवटचा अंक पुढे न्यावा, आणि ताळा स्वतः पाहावा.